उन्हाळ्यावर जावे ते मुक्कामाला

‘उन्हाळे’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी वापरला की त्याचा अर्थ ऋतूचा राहत नाही. जमिनीतून आपोआप निघणाऱ्या ऊन पाण्याचा झरा, असा त्याचा अर्थ होतो. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडचे उन्हवरे ही गावांची नावे अशा झऱ्यांवरूनच पडली आहेत. इंग्रजीत याच प्रकारच्या स्थळांना ‘स्पा’ म्हणतात आणि गंमत अशी की तो शब्दही मुळात एका गावाचेच नाव आहे. बेल्जममधील स्पा हे गाव तेथील लोहयुक्त पाण्याच्या झऱ्यांमुळे प्रसिद्धीस आले. मात्र ते पाणी ऊन नाही, थंड आहे. हल्ली आपल्या शहरात काचेच्या दारांवर ‘स्पा’ अशी पाटी दिसते. आत तेलमालीश होते, सुगंधी मेणबत्त्या लावलेल्या असतात, आणि झऱ्याचा तर मागमूसही नसतो. त्याविषयी येथे लिहावयाचे नाही. ज्यांच्या घरी गुडघे धरलेली आई किंवा कंबर धरलेली वडीलबहीण आहे आणि थंडी पडताच ‘कोठे ऊन पाण्याच्या कुंडावर नेऊन आणावे का?’ असा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत.

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा येथे हा प्रश्न दर वर्षी निघावा यात नवल नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश धानाचा. पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेला आणि १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच ज्याची राजधानी होती असा. त्यामुळे मराठी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. आषाढ-श्रावणात येथे रोवणी चालते. पिंडरीइतक्या चिखलात उभे राहून, कमरेत वाकून, उलट्या पावलांनी मागे सरत दिवसभर रोपे लावावयाची, हे काम बहुतांशी बायकांचे. ज्यांनी तरुणपणी वीस-पंचवीस वर्षे रोवणी केली त्यांच्या कमरा आणि गुडघे पन्नाशीपुढे बोलू लागतात. ज्या घरच्या बायका शेतात उतरल्या नाहीत त्यांनीही जाते, उखळ आणि विहिरीचा रहाट यांच्यापुढे आयुष्य काढलेले. मार्गशीर्षात धान घरात आले, हवेत गारठा आला, की ही दुखणी वर उठतात. आणि नेमका तोच काळ उन्हाळ्यावर जाण्यास उत्तम.

लालबर्र्याहून जावयाचे तर दोन वाटा आहेत. पहिली मंडल्याची. मंडला शहरापासून जबलपूरच्या रस्त्यावर सुमारे १८ किलोमीटरवर बबेहा नावाचे गाव आहे. तेथील गंधकाच्या वासाचे ऊन पाणी ‘गरम पानी कुंड’ म्हणून सर्वांस ठाऊक आहे. नर्मदेवर बरगीचे धरण झाले तेव्हा त्याचे पाणी या कुंडाच्या अंगाशी येऊन भिडले. भोवती नर्मदेचा गार फुगवटा आणि मधे हे ऊन पाणी असा चमत्कारिक देखावा तेथे पाहावयास मिळतो. पूर्वी लोक बालाघाटास छोट्या गाडीत बसून, नैनपूरला गाडी बदलून मंडल्यास जात. ती अरुंद रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली आणि त्या जागी रुंद रूळ आले. आता बहुतेक लोक मोटारीनेच जातात. दुसरी वाट सिवनीवरून छिंदवाड्याकडे. छिंदवाडा–पिपरिया रस्त्यावर झिरपा गावाजवळ अनहोनी येथे सातपुड्याच्या कुशीत गंधकयुक्त ऊन पाण्याचा झरा आहे. दोन्ही ठिकाणी कातडीच्या विकारांवर गुण येतो अशी लोकांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेविषयी पुढे बोलू.

हे पाणी तापते कशाने, असे नातवंडे हमखास विचारतात. ‘खाली ज्वालामुखी आहे’ असे उत्तर देऊन मोकळे होऊ नये. आपल्याकडे तसे नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे पार खोल जाते. जमिनीत जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या मोठ्या भेगेने वर येते आणि वाटेतील खडकांचे क्षार आपल्याबरोबर आणते. नर्मदा आणि शोण या नद्यांच्या रेषेने जमिनीत अशा जुन्या भेगांची एक लांबलचक माळच आहे. अनहोनी तिच्यावर आहे. पूर्वेकडे सरगुज्याच्या बाजूचे तातापानी, जेथले पाणी जवळजवळ उकळते असते, तेही त्याच माळेतले. कोकणातील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, तुरळ, राजवाडी, उन्हवरे ही झऱ्यांची दुसरी रांग सह्याद्रीच्या पायथ्याने गेलेली आहे. तोंडाशी जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या वायूचा. याच वायूने चांदी काळी पडते. म्हणून जोडवी, पैंजण, चांदीचा करगोटा ही बिऱ्हाडी काढून ठेवून मगच पाण्यात उतरावे. नाहीतर घरी परतल्यावर चिंच आणि राख घेऊन घासत बसावे लागते!

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्याकडील बहुतेक कुटुंबे उन्हाळ्यावर जातात ती सहलीसारखी. पहाटे मोटार भरावयाची, दुपारी पोहोचावयाचे, सर्वांनी एकेक बुडी मारावयाची, मुलांनी पाणी उडवावयाचे, देवाला नारळ फोडून रात्री परत. दुसऱ्या दिवशी आजीचे गुडघे अधिकच दुखतात, कारण सात-आठ तास मोटारीत पाय मुडपून बसल्याचे दुःख अर्ध्या घटकेच्या स्नानाहून मोठे असते. मग ‘त्या पाण्यात काही राम नाही’ असा निकाल दिला जातो. पाण्यावर हा अन्याय आहे. युरोपात जेथे ही विद्या शास्त्र म्हणून जोपासली गेली, त्या बाडेन-बाडेनला किंवा कार्ल्सबादला रोगी दोन-तीन आठवड्यांच्या बोलीने जात. रोज ठरलेल्या वेळी ठरलेला वेळ स्नान, मग पडून राहणे, मग बेताचे चालणे, हलके जेवण, रात्री लवकर झोप. तेथे औषध म्हणून दिले जाई ते या सबंध दिनक्रमाला. पाणी हा त्याचा एक भाग.

आपणांस तीन आठवडे मिळणार नाहीत, हे उघड आहे. परंतु पाच-सात दिवस काढणे बहुतेकांस अशक्य नसते; लग्नकार्याला आपण तेवढे दिवस देतोच की! मंडल्यास बिऱ्हाड करावे. नर्मदेच्या काठचे गाव आहे, धर्मशाळा आहेत, खाणावळी आहेत. पहिला दिवस नुसता विसाव्याचा ठेवावा, त्या दिवशी कुंडावर जाऊच नये. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बबेह्यास जावे आणि दुपारच्या जेवणाच्या आत परत यावे. संध्याकाळी घाटावर बसावे, पाय मोकळे करावे. शेवटचा दिवसही मोकळा ठेवून मगच परतीचा प्रवास करावा.

एक गोष्ट जरा स्पष्टच सांगितली पाहिजे. कुंडाकाठी घटकाभर उभे राहिले की एक देखावा नेहमी दिसतो. पुरुषमंडळी मानेपर्यंत पाण्यात बसून गप्पा मारीत आहेत, मुले खेळत आहेत, आणि ज्या बाईच्या नावाने हा सारा प्रवास निघाला ती झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून भाकऱ्या थापीत बसली आहे. ‘आधी तुमचे होऊन जाऊ द्या’ असे ती म्हणते आणि सर्व तिचे ऐकतात. सर्वांचे झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, ऊन चढल्यावर ती पाच मिनिटे पाण्यात उतरते, तीही लुगडे सावरीत, कोणी पाहत तर नाही ना अशा धास्तीने. तिच्या गुडघ्यांना त्याचा काय उपयोग व्हावा? उन्हाळ्यावरच्या मुक्कामापासून अधिकात अधिक लाभ व्हावा असे ज्यांस वाटते त्यांनी क्षार आणि उष्णतामान यांचा हिशेब नंतर करावा. आधी तिच्या हातून चूल काढून घ्यावी. खाणावळीचा डबा सांगावा, किंवा घरच्या मुलांनी-जावयांनी आठवडाभर पिठले-भात शिजवावा. कोणाचे काही बिघडत नाही. सकाळची पहिली वेळ तिची. बायकांची जागा निराळी व आडोशाची असेल तर उत्तमच. नसेल तर घरच्या दोघीतिघींनी मिळून, गर्दी होण्याआधी, अंगभर सुती कपड्यांनी जावे आणि आडोशाला धरावयास एक जाड चादर बरोबर असावी. रोवणीच्या दिवसांत सर्वांच्या पुढे तीच चिखलात उतरली होती. ऊन पाण्यात तिने सर्वांच्या मागे का उतरावे?

स्नानाची रीत फार गुंतागुंतीची नाही, परंतु जी आहे ती पाळावी. प्रथम पाणी कोपराने पाहावे. हाताचा पंजा कामाने रापलेला असतो, त्याला चटका उमगत नाही. कोपराला सुखाचे वाटेल एवढेच ऊन पाणी घ्यावे. सगळे झरे सारखे नसतात. कोकणात उन्हवऱ्याचे पाणी झऱ्याच्या तोंडाशी हात बुडवू देत नाही. ते वाहत जाऊन निवल्यावरच वापरावे लागते. उतरण्यापूर्वी बाहेर साध्या पाण्याने अंग स्वच्छ धुवावे. जपानात हा नियम इतका कडक आहे की अंग धुतल्यावाचून सार्वजनिक ऊन कुंडात पाय टाकणे हा मोठाच असभ्यपणा समजतात. आपण नदीला आई म्हणतो आणि तिच्यातच साबण लावतो. निदान कुंडात तरी तो लावू नये. तेलाचा अभ्यंग अवश्य करावा, पण तो बिऱ्हाडी. कुंडात तेलाचा तवंग उतरू देऊ नये. पहिल्या दिवशी पाच-सात मिनिटे पुरे. मग रोज थोडी वाढवीत पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जावे, त्यापुढे नाही. पाण्यात असताना गुडघा हळूहळू वाकवावा, सरळ करावा, घोटा फिरवावा. पाणी अंगाचा भार उचलून धरते, म्हणून जमिनीवर जे होत नाही ते तेथे होते. खरे पाहता निम्मा गुण या हालचालीचा असतो. बाहेर येताना एकदम उठू नये. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, झटकन उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, हे निराळे सांगावयास नको. कोणाचा तरी हात धरावा. मग अंग पुसून, पांघरूण घेऊन अर्धा तास पडून राहावे आणि पेलाभर साधे, स्वच्छ पाणी प्यावे. कुंडाचे पाणी मात्र पिऊ नये. कार्ल्सबादला लोक झऱ्याचे पाणी चोचीच्या पेल्यांतून पितात हे खरे, पण तेथे त्याची तपासणी होत असते. उघड्या कुंडाचे, ज्यात शेकडो लोक न्हातात, त्याचे पाणी तीर्थ म्हणूनही घशाखाली उतरवू नये. डोळ्यांना लावावे असे वाटले तरी तेही टाळावे.

आणि डोके बुडवू नये. येथे आपल्या जुन्या ग्रंथकारांचे मोठे कौतुक वाटते. वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवले आहे की ऊन पाणी मानेखालच्या अंगाला बळ देते, पण तेच डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ हरते. आजचे डॉक्टर निराळ्याच कारणाने हाच सल्ला देतात. कोमट व ऊन गोड्या पाण्यात एक अतिसूक्ष्म जीव वाढतो. नाकात पाणी जोराने गेले तर त्या वाटेने तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून माणूस क्वचितच वाचतो. असे फार थोड्यांस होते, पण जे टाळणे इतके सोपे आहे ते का टाळू नये? मुलांना सूर मारू देऊ नये. ज्याला बुडी मारल्याखेरीज तीर्थस्नान झाले असे वाटत नाही त्याने ती नर्मदेच्या गार पाण्यात मारावी.

कोणी जाऊच नये हेही चरकाने स्वेदाध्यायात सांगितले आहे. ऊन पाण्यात बसणे, म्हणजे अवगाह, हा त्याने गणलेल्या तेरा स्वेदांपैकी एक. गर्भिणी, रक्तपित्ताचे रोगी, अतिसार झालेले, मधुमेही यांना त्याने स्वेद वर्ज्य केला आहे. आजच्या वैद्यकाने त्यात हृदयविकाराचे रोगी आणि रक्तदाब आटोक्यात नसलेले लोक यांची भर घातली आहे. रक्तदाबाचे औषध घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून उतरू नये. मधुमेह्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्यांच्या पावलांची संवेदना पुष्कळदा मंद झालेली असते. पाणी पोळते आहे हे त्यांना कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. ताप, उघडी जखम, पायाच्या शिरेत गाठ यांपैकी काही असल्यास त्या वर्षी जाऊच नये. भरल्या पोटी, किंवा उपासाने गळून गेलेले असतानाही नाही. एकादशीच्या दिवशी विसावा घ्यावा.

आता त्या श्रद्धेविषयी. गंधकाच्या पाण्याने काही जुनाट त्वचाविकारांची खाज आणि खपल्या कमी होतात, यात तथ्य आहे. परंतु कुंडावर येणाऱ्यांत एखाद्याच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा असतो, आणि तो ‘पाच शनिवार न्हाऊन पाहतो’ म्हणत महिने घालवितो. बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे चिन्ह असू शकते. त्यावरील गोळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोग पुरता बरा होतो, आणि वेळ घालविला तर बोटे जातात. कुंडावर अशी व्यक्ती भेटली तर तिच्यापासून दूर सरकण्यापेक्षा तिला हे सांगावे. घरातही कोणी लपवीत असेल, तर कुंडाची वाट धरण्याआधी दवाखान्याची वाट धरावी.

सांधेदुखीचे काय? तिच्याविषयी देशोदेशी पुष्कळ पाहण्या झाल्या आहेत. ऊन खनिज पाण्याच्या स्नानांनी गुडघ्याच्या झिजेचे दुःख काही काळ कमी होते, असे त्यांतून दिसते. मात्र पुरावा फार बळकट नाही, आणि झिजलेला सांधा काही पुन्हा भरून येत नाही. कित्येकांस दोन-तीन महिने उतार पडतो. ज्या आईला रात्री कूस बदलताना कण्हावे लागते तिच्या दृष्टीने दोन-तीन महिने काही थोडे नव्हेत. परंतु गुण आला म्हणून चालू औषध बंद करावयाचे नाही.

ज्यांच्या कुलदैवताचा प्रवास तसाही कोकणात किंवा खानदेशात व्हावयाचा असतो, त्यांनी याची सांगड तिकडे घालावी. वसईचा किल्ला १७३९ साली सर केल्यावर चिमाजी अप्पांनी बांधविलेले वज्रेश्वरीचे देऊळ, किल्ल्यासारख्या पायऱ्या आणि वर नगारखाना, आणि जवळच तानसा नदीच्या काठी अकलोली-गणेशपुरीची कुंडे, अशी सोय दुसरीकडे क्वचितच आहे. मात्र सुटीच्या दिवशी मुंबईची सारी गर्दी तेथे लोटते, तेव्हा मंगळवार-बुधवार गाठावा. खानदेशात चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून पडणारे ऊन पाणी खांद्यावर घेता येते, म्हणून ज्यांचा खांदा धरला आहे त्यांना ते विशेष मानवते. किनवटकडील पैनगंगेच्या खोऱ्यातले उनकेश्वर विदर्भकरांना सोयीचे. उनपदेव आणि उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी शरभंग ऋषींसाठी श्रीरामाने बाण मारून पाणी काढले असे सांगतात. ऋषींचा आश्रम नेमका कोणता, या वादात आपण पडू नये. त्यांनाही थंडीत ऊन पाणी लागत असे एवढे घ्यावे.

राहता राहिली घरी परतल्यावरची गोष्ट. मुक्काम संपला म्हणजे उपचार संपला असे नाही. लालबर्र्याच्या थंडीत परसात चुलवण पेटलेले असतेच. रोज संध्याकाळी बादलीभर ऊन पाण्यात मूठभर मीठ टाकून पंधरा मिनिटे पाय बुडवून बसावे आणि कुंडात शिकलेली गुडघ्याची हालचाल खाटेवर बसून करावी. दिनदर्शिकेवर एक खूण करून ठेवावी, दुखणे पुन्हा पहिल्याइतके कोणत्या दिवशी वर आले याची. उतार संक्रांतीपर्यंत टिकला की होळीपर्यंत, हे त्यावरून कळते, आणि पुढल्या मार्गशीर्षात मंडल्याचे बिऱ्हाड पाच दिवसांचे सांगावयाचे की आठ, तेही ठरविता येते.